मधली फळी कापायला निघालेल्यांना

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये स्पर्धा फार झाल्या, खेळाडू थकले, तेव्हा मधल्या दर्जाच्या स्पर्धांना कात्री लावा, हा युक्तिवाद गेली दोन-तीन वर्षं इतक्या ठामपणे केला जातोय की तो सिद्ध करून दाखवायची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. 2024 मध्ये चार ग्रँड स्लॅमवाल्यांच्या पुढाकाराने ‘प्रीमियम टूर’ची कल्पना चर्चेत आली. चार ग्रँड स्लॅम, जोडीला दहाएक बड्या स्पर्धा, शंभरेक निवडक खेळाडू, झालं टेनिस. उरलेल्यांनी खालच्या वर्गात बसावं. ती योजना कागदावर राहिली, पण तिच्यामागचा विचार मात्र रसिकांच्या गप्पांत आणि समालोचकांच्या बोलण्यात चांगलाच मुरला. मधल्या पायरीवरच्या एटीपी 500 स्पर्धा कोण बघतं? आणि त्याखालच्या 250 चं तर नावच काढू नका, सगळी भरताड!

क्रिकेटवर पोसलेल्या मराठी माणसाला मधली फळी कशासाठी असते हे शिकवावं लागत नाही. सलामीवीर आणि शेपूट एवढ्यावर संघ उभा राहत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. टेनिसच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण दाराबाहेर काढून ठेवतो.

आधी थकव्याचं बघू, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे. खेळाडू थकतात, जखमी होतात, हे खरंच आहे आणि त्यावर वाद नाही. वाद आहे तो आरोपी कोण यावर. एटीपी 500 स्पर्धा एका आठवड्यात संपते. बहुतेक ठिकाणी मुख्य फेरीत 32 खेळाडू, म्हणजे विजेता पाच सामने खेळून रविवारी मोकळा. वरच्या खेळाडूंना वर्षात ठरावीक 500 खेळाव्या लागतात, पण त्या कोणत्या हे तेच निवडतात. 250 ची तर त्यांच्यावर सक्तीच नाही. मग वर्ष लांबलं कुठे? ते लांबलं वरच्या मजल्यावर. मास्टर्स 1000 स्पर्धांपैकी इंडियन वेल्स आणि मायामी आधीपासूनच लांबलचक होत्या. 2023 मध्ये माद्रिद, रोम आणि शांघाय बारा दिवसांच्या झाल्या, 2025 मध्ये कॅनडा आणि सिनसिनाटी. आता नऊपैकी सात मास्टर्स जवळजवळ दोन-दोन आठवडे चालतात. जुन्या चालीच्या उरल्या त्या फक्त माँटे कार्लो आणि पॅरिस. नव्याने लांबवलेल्या पाच स्पर्धांचे प्रत्येकी सुमारे पाच दिवस धरले तरी पंचवीस दिवस होतात. एवढे दिवस कॅलेंडरमधून उचलून नेले कुणी, तर ‘मोठ्या’ म्हणवणाऱ्यांनी. आणि शिक्षा कुणाला, तर रॉटरडॅम नि वॉशिंग्टनसारख्या 500 स्पर्धांना!

जाता जाता आणखी एक. ऑक्टोबर 2024 मध्ये, वर्ष लांबल्याची कुरकुर टिपेला असताना, रियाधमध्ये ‘सिक्स किंग्ज स्लॅम’ नावाचा प्रदर्शनी सामन्यांचा घाट घातला गेला. रँकिंगचा एक गुण नाही, विजेत्याला साठ लाख डॉलर. अल्काराझ, सिनर, जोकोविच सगळे हजर. सिनर जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा गेला आणि पुन्हा जिंकला. पैसे मिळवू नयेत असं मी म्हणणार नाही, मिळतात तोवर मिळवावेत. पण त्यानंतर बार्सिलोनाच्या आठवड्याकडे बोट दाखवून दमल्याची तक्रार करू नये, एवढंच.

दुसरा आरोप असा की या मधल्या स्पर्धांना इतिहासच नाही, रँकिंगचे गुण वाटायला एटीपीने काढलेले हे कृत्रिम कप्पे आहेत. कप्पे कृत्रिम आहेत, हे मान्य. त्यांची नावंही दर दहा वर्षांनी बदलली. 1988 च्या यूएस ओपनच्या वेळी एटीपी या खेळाडूंच्या संघटनेला स्टेडियमच्या आत पत्रकार परिषद घेऊ दिली नाही, म्हणून तिचे प्रमुख हॅमिल्टन जॉर्डन यांनी ती बाहेर गाड्यांच्या तळावर घेतली आणि ‘आमची टूर आम्हीच चालवू’ असं जाहीर करून टाकलं. हे जॉर्डन म्हणजे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे व्हाइट हाउसमधले उजवे हात, तेव्हा बंडाची जागा कशी निवडावी हे त्यांना कळत होतं. त्या बंडातून 1990 मध्ये एटीपी टूर जन्मली आणि जॅक क्रेमर यांच्या कल्पनेतून 1970 मध्ये सुरू झालेलं ग्रँड प्रिक्स सर्किट संपलं. नव्या टूरने उतरंड लावली. वर आजच्या मास्टर्सचे पूर्वज, मध्ये ‘चॅम्पियनशिप सिरीज’, खाली ‘वर्ल्ड सिरीज’. 2000 मध्ये मधल्या पायरीचं नाव ‘इंटरनॅशनल सिरीज गोल्ड’ झालं. 2009 मध्ये नावं ठेवायचाच कंटाळा आला असावा, कारण विजेत्याला मिळणारे गुण हेच स्पर्धेचं नाव होऊन बसलं: 1000, 500, 250.

म्हणजे पाटी दोनदा बदलली. पण पाटीच्या मागची घरं? हॅम्बर्गची स्पर्धा 1892 पासूनची. लंडनमधल्या क्वीन्स क्लबची परंपराही एकोणिसाव्या शतकातली. बार्सिलोनाचा कोंदे दे गोदो करंडक 1953 पासून खेळला जातो. वॉशिंग्टन 1969, रॉटरडॅम 1972. यांतली एकही स्पर्धा एटीपीने जन्माला घातलेली नाही, उलट यांच्या जिवावर एटीपी टूर जन्मली.

वॉशिंग्टनचं उदाहरण जरा निवांत सांगायला हवं. 1968 च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि अमेरिकेची राजधानी पेटली. पुढच्याच वर्षी वकील आणि माजी खेळाडू डोनाल्ड डेल यांनी तिथे स्पर्धा भरवायचं ठरवलं आणि आर्थर अ‍ॅशला बोलावलं. अ‍ॅश आदल्या वर्षीचा यूएस ओपन विजेता, ती स्पर्धा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष. त्याने अट घातली की काळे आणि गोरे दोघेही जिथे सहज येतील अशा वस्तीत स्पर्धा होत असेल तर मी खेळतो. म्हणून ती एखाद्या बंदिस्त क्लबात न होता रॉक क्रीक पार्क या सार्वजनिक उद्यानातल्या कोर्टांवर झाली. पहिल्या वर्षी अ‍ॅश अंतिम सामन्यात ब्राझीलच्या टॉमस कॉककडून हरला, 1973 मध्ये मात्र त्याने ती जिंकली. स्पर्धा आजही त्याच उद्यानात भरते. ज्या काळात टेनिस म्हणजे पांढरे कपडे आणि सभासदांसाठी राखीव हिरवळ असं समीकरण होतं, त्या काळात अ‍ॅशची अट मान्य करणारी ही स्पर्धा आज कागदावर फक्त ‘500’ आहे. आणि प्रीमियम टूरच्या ज्या यादीत ग्रँड स्लॅम सोडून दहाच जागा आहेत आणि नऊ मास्टर्स आधीच रांगेत उभ्या आहेत, तिथे तिला कोण विचारणार?

तिसरा युक्तिवाद सर्वांत लबाड आहे. म्हणे, ज्या स्पर्धांत दम आहे त्या आपोआप वर गेल्या, मधल्यांची लायकीच मधली. टेनिसमधला दर्जा गुणवत्तेवर ठरतो असं समजणाऱ्याने शरद ऋतूतल्या एका मास्टर्सच्या आठवड्याचा प्रवास पाहावा. 1990 मध्ये तो स्टॉकहोमकडे होता. 1995 मध्ये जर्मनीतल्या एसेनला गेला, लगेच पुढच्या वर्षी स्टुटगार्टला, 2002 मध्ये माद्रिदला आणि 2009 मध्ये शांघायला. स्टॉकहोमने काय पाप केलं होतं? त्या काळात जर्मनीत बेकर आणि श्टिश होते आणि जर्मन टीव्हीकडे पैसा होता. पुढे तो पैसा आटला आणि आठवडा माद्रिदला निघून गेला. 1969 मध्ये सुरू झालेली स्टॉकहोमची स्पर्धा आज 250 म्हणून गुपचूप चालू आहे.

हॅम्बर्गने तर कोर्टात धाव घेतली, म्हणजे खऱ्याखुऱ्या न्यायालयात. 2008 पर्यंत ती मास्टर्स होती. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात नदालने फेडररला तीन सेटमध्ये हरवलं होतं. 2009 च्या नव्या रचनेत मे महिन्यातला तिचा क्ले कोर्टचा मान माद्रिदला गेला, तिला 500 करून जुलैत ढकललं. जुलैत, म्हणजे विम्बल्डन आटोपून अर्धे खेळाडू अमेरिकेच्या हार्ड कोर्टची तयारी करत असताना! जर्मन टेनिस महासंघाने अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये दावा लावला. 2008 मध्ये ज्यूरीने एटीपीच्या बाजूने कौल दिला आणि अपिलातही तोच टिकला. कायद्याने एटीपीचा अधिकार मान्य केला, ठीक आहे. पण हॅम्बर्गचं टेनिस एका रात्रीत निम्म्या किमतीचं झालं असं त्या निकालातून निघत नाही. विजेत्याच्या गुणांची किंमत तेवढी निम्मी झाली.

याच्या उलटही घडतं. 2015 मध्ये हाले आणि क्वीन्स या विम्बल्डनआधीच्या दोन स्पर्धा 250 वरून 500 झाल्या. व्हिएन्ना वर आली, व्हॅलेन्सिया खाली गेली आणि त्याच वर्षी बंद पडली. मेम्फिसचा 500 चा दर्जा 2014 मध्ये रिओला गेला. 2025 मध्ये डॅलस, दोहा आणि म्युनिक यांना बढती मिळून 500 ची संख्या सोळा झाली. 2009 मध्ये ती अकरा होती. ही सगळी उलथापालथ बाजाराची आहे. बाजार असावा, माझी ना नाही. फक्त बाजारात हरलेल्याला नालायक म्हणू नये.

आता चौथा मुद्दा, जो ऐकला की माझा पारा चढतो: या स्पर्धांत लक्षात राहण्यासारखं काही घडतच नाही.

पीट सॅम्प्रसने कारकिर्दीतली पहिली स्पर्धा जिंकली ती फेब्रुवारी 1990 मध्ये फिलाडेल्फियाला, मधल्या दर्जाच्या स्पर्धेत, वयाच्या अठराव्या वर्षी. सप्टेंबरमध्ये तो यूएस ओपन विजेता होता. फिलाडेल्फियाची ती स्पर्धा 1998 मध्ये शेवटची झाली, तेव्हाही सॅम्प्रसच जिंकला. 1984 मध्ये रॉटरडॅमच्या अंतिम सामन्यात लेंडल कॉनर्सविरुद्ध 6-0, 1-0 असा पुढे असताना बॉम्बची धमकी आली, सामना थांबला तो थांबलाच. इतिहासात तो अजून अपुरा आहे.

त्याच रॉटरडॅममध्ये 2018 च्या फेब्रुवारीत फेडररने ऐन वेळी वाइल्ड कार्ड घेतलं. ऑस्ट्रेलियन ओपन नुकतंच जिंकलं होतं, पण पुन्हा अव्वल क्रमांकावर यायला रॉटरडॅमची उपांत्य फेरी गाठणं भाग होतं. उपांत्यपूर्व फेरीत समोर घरचाच रॉबिन हासे. पहिला सेट हासेने 6-4 असा घेतला. पुढचे दोन फेडररने 6-1, 6-1 असे संपवले आणि छत्तिसाव्या वर्षी तो तोवरचा सर्वांत वयस्क अव्वल खेळाडू झाला. हा मुकुट त्याच्या डोक्यावर कोणत्याही ग्रँड स्लॅममध्ये बसला नाही. बसला तो रॉटरडॅमच्या अहोय स्टेडियममध्ये, त्याच ‘भरताडा’त.

आणि रिओ. फेब्रुवारी 2020, रात्र कधीच उलटून गेलेली. जॉकी क्लबच्या लाल मातीवर सोळा वर्षांचा एक स्पॅनिश मुलगा वाइल्ड कार्डवर पहिल्यांदाच एटीपी टूरच्या मुख्य फेरीत खेळतोय. समोर त्याच्याच देशाचा अल्बर्ट रामोस-विन्योलास, क्ले कोर्टवर मुरलेला, वयाने जवळजवळ दुप्पट. 7-6, 4-6, 7-6. तीन तास छत्तीस मिनिटं. सामना संपला तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते. ग्रँड स्लॅममध्ये सोळा वर्षांच्या मुलाला मुख्य फेरीत थेट उतरवायला आयोजक दहादा विचार करतात, तिथल्या वाइल्ड कार्डांवर यजमान देशाचा पहिला हक्क असतो. रिओने तो जुगार खेळला. दोन वर्षांनी तोच मुलगा रिओ जिंकून 500 दर्जाच्या स्पर्धेचा सर्वांत लहान विजेता ठरला आणि त्याच सप्टेंबरमध्ये यूएस ओपन जिंकून जगात पहिला आला. अल्काराझ थेट शिखरावर उगवला असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती पहाट पाहिलेली नसते. बघणार कशी, 500 कोण बघतं!

आता आपल्या अंगणात येऊ, कारण इथेही हाच सूर लागतो. पुण्याची स्पर्धा गेली, बरं झालं, असं म्हणणारे मी ऐकले आहेत. भारतातली ही एटीपी टूर स्पर्धा 1996 मध्ये दिल्लीत सुरू झाली, पुढच्या वर्षी चेन्नईला गेली आणि वीस वर्षांहून अधिक तिथे रमली. 2018 पासून ती पुण्याच्या बालेवाडीत आली. 2021 चं वर्ष सोडलं तर 2023 च्या जानेवारीपर्यंत झाली. 2024 मध्ये तो आठवडा हाँगकाँगला गेला. आक्षेप असा की एवढा खर्च करून आपल्या पोरांनी एकेरीत काय दिवे लावले?

एकेरीचं विजेतेपद कुणी मिळवलं नाही, खरं आहे. पण दुहेरी टेनिस नसतं काय? बालेवाडीत 2019 मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले, 2022 मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन. घरच्या प्रेक्षकांसमोर, टूरच्या पातळीवर. 2019 चा एकेरीचा अंतिम सामना ज्यांनी बालेवाडीत बसून पाहिला त्यांना विचारा. सहा फूट आठ इंचांचा केविन अँडरसन आणि त्याहून उंच, एकोणचाळीस वर्षांचा इव्हो कार्लोविच. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये. सर्व्हिस परतवणं म्हणजे काय अवघड प्रकार असतो हे कोचने शंभरदा सांगून कळत नाही, ते त्या दिवशी पुण्यातल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलं.

आणि घरची स्पर्धा नसली तरी मधली पायरी आपल्या खेळाडूंच्या उपयोगी पडतेच. ऑगस्ट 2017 मध्ये युकी भांब्री जगात दोनशेच्या आसपास होता. वॉशिंग्टनला पात्रता फेरीतून आत आला आणि त्याने गतविजेत्या गाएल मोंफिसला तीन सेटमध्ये हरवलं, थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. दोनशेव्या क्रमांकाच्या खेळाडूला प्रीमियम टूरचा दरवाजा कुणी उघडला असता? 2024 मध्ये पुण्याच्या अर्जुन कढेने ऋत्विक बोलिपल्लीबरोबर अल्माटीत दुहेरीचं 250 विजेतेपद घेतलं. आपल्या किती वर्तमानपत्रांत ही बातमी पानाच्या वरच्या अर्ध्यात आली, हा प्रश्न मी फक्त विचारून ठेवतो.

याच्याही खालच्या पायरीची एक गोष्ट. फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात चॅलेंजर दर्जाची स्पर्धा झाली, ती जिंकली मोनाकोच्या व्हॅलेंटीन व्हाशेरोने. तेव्हा या नावाकडे लक्ष देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ऑक्टोबर 2025 मध्ये हाच व्हाशेरो 204 व्या क्रमांकावरून, पात्रता फेरी खेळून, शांघाय मास्टर्स जिंकला. अंतिम सामन्यात समोर त्याचाच मावसभाऊ आर्थर रिंडरक्नेश. वर्षातली ही सर्वांत मोठी कहाणी ठरली, पण तिची मुळं बालेवाडीसारख्या ठिकाणी आहेत. शंभर निवडक खेळाडूंच्या बंद खोलीत ती घडलीच नसती.

मधल्या स्पर्धांत दोष नाहीत असं नाही, आणि ते झाकायचं मला कारणही नाही. 500 आणि 250 मध्ये बड्या खेळाडूला केवळ येण्याचे पैसे देता येतात, मास्टर्समध्ये ते चालत नाही. त्यामुळे काही नामवंत मंडळी बिदागी घेऊन पहिल्या फेरीत हरून विमान पकडतात आणि प्रेक्षक तिकिटाकडे बघत बसतो. हे बंद व्हायला हवं. रात्रीच्या वेळापत्रकाचाही ताल सुटतो. 2022 मध्ये अकापुल्कोत झ्वेरेव्ह आणि ब्रुक्सबी यांचा सामना पहाटे चार वाजून पंचावन्न मिनिटांनी संपला, हा पराक्रम नाही, बेफिकिरी आहे. शिवाय 500 ची संख्या वाढते आणि 250 ची घटते, ही चाल मला तितकीच खटकते. अटलांटा गेली, कोर्दोबा गेली, न्यूपोर्ट आणि एस्टोरिल 2025 मध्ये चॅलेंजरवर आल्या. म्हणजे मधली फळी जाड करण्याच्या नावाखाली तिच्या खालचा आधारच काढला जातोय.

हे धोरण राबवणारी संघटना ज्यांच्या हाती आहे त्या आंद्रेया गॉडेन्झी यांची कारकीर्द या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखी आहे. इटलीचा हा खेळाडू जागतिक क्रमवारीत अठरापर्यंत पोहोचला होता, म्हणजे चांगलाच खेळाडू. एकेरीची विजेतेपदं तीन: 1998 मध्ये कॅसाब्लांका, 2001 मध्ये सांक्ट पॉल्टेन आणि बोस्ताद. तिन्ही आजच्या हिशेबाने 250 च्या पातळीवरच्या. सांक्ट पॉल्टेनला आता टूरची स्पर्धा उरलेली नाही, कॅसाब्लांकाची माराकेशला गेली, बोस्ताद तेवढी टिकून आहे. संघटनेच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कपाटातले सगळे करंडक त्याच पायरीवरून आलेले आहेत, याची त्यांना कुणी आठवण करून द्यायला हवी असं नाही. पण त्यांच्या भोवती बसून ‘कापा, कापा’ म्हणणाऱ्यांना द्यायला हवी.

तेव्हा ज्यांना खेळाडूंच्या पाठीची आणि गुडघ्यांची खरंच काळजी आहे, त्यांनी आधी माद्रिद, रोम, कॅनडा, सिनसिनाटी आणि शांघाय यांना पुन्हा एका आठवड्यात बसवून दाखवावं. सौदी अरेबियासाठी जाहीर केलेल्या दहाव्या मास्टर्सचा आठवडा कुठून काढणार तेही सांगावं. रियाधच्या प्रदर्शनी सामन्यांचा हिशेबही त्याच वहीत मांडावा. इतकं करूनही कॅलेंडर मावत नसेल, तर रॉटरडॅम आणि वॉशिंग्टनच्या आठवड्यांवर बोलायला मी तयार आहे.